रेतीवर चढणारं जहाज

जहाजावरचा एक किस्सा सांगायले बसलो की दुसरा त्याचं शेपूट धरून येते. शाळा चौथीतच सुटली माही, तवा जसं बोलतो तसंच लिहिलं. पटलं तर वाचा!

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले, तवाची गोष्ट. बर्माकडं लढाई पेटली होती. मी तेल्हाऱ्याचा, किसना अचलपूरचा माळी. अमरावतीत एकाच दिवशी आरमारात भरती झालो. निघायच्या आधी मी एक दिवस त्याच्या घरी राहिलो.

त्याच्या मायनं शपथ घालून बजावलं, "जहाजात बसजो, पण समुद्रात पाय टाकजो नोको. टाकला तर हा उंबरठा ओलांडू नोको!"

मग माह्याकडं वळली. "शंकऱ्या, तुहं तोंड फाटकं हाये, पण तू खोटं बोलत नाही. ध्यान ठेवजो."

एका दिवसात ओळखलं बुढीनं!

•

पहिल्या दिवशी सगळ्या पोट्ट्यांनी समुद्राचं पाणी चाखलं. थू थू करून सगळे थुंकले. मी गटकन गिळलं.

"काहून रे, खारं नाही लागलं?" किसनानं विचारलं.

"आमच्या विहिरीचं असंच असते. उलट हे जरा बरं हाये!"

खारपाणपट्ट्यातला माणूस मी. विहिरीत उतरून पोहणं आमच्या नशिबी कुठलं? किसना मात्र मळ्यातल्या विहिरीत मासोळीवाणी वाढलेला. अन् त्यालेच पाण्याची बंदी!

•

आमचं जहाज अजब. बाकीची जहाजं किनाऱ्याले भितात, हे मुद्दाम रेतीवर चढे. बूड सपाट, तोंडाशी दरवाजा. तो उघडला की फळी खाली पडे अन् पोटातून ट्रक, रणगाडे बाहेर!

हे आम्हाले कोण सांगते? पहिल्यांदा रेतीले लागलं तवा मी ओरडलो, "गाडी रुतली!" आम्ही चार वऱ्हाडी धोतरासारख्या पँटी खोचून पाण्यात उतरलो अन् जहाजाले खांदा लावला. वरून किसना बैलं हाकल्यासारखा ओरडून राहिला, "हं, जोर लावा! चाकाखाली पाला टाका!"

कप्तानसाहेब गोरा होता. हसता हसता रेलिंगलेच लोंबकळला.

•

किसनाच्या मायची शपथ जहाजभर ठाऊक झाली. किनाऱ्यावर उतरायचं असलं की कोणीतरी त्याले पाठीवर घेई. एकदा सगळे कामात होते. किसना फळीच्या टोकावर बगळ्यासारखा उभा. कप्तानसाहेब आले, त्याच्याकडं पाहिलं, वाकले अन् म्हणाले, "किसना, कम ऑन!"

इंग्रजाच्या पाठीवर बसलेला वऱ्हाडात तो एकच माणूस!

•

एका सकाळी जहाज किनाऱ्याच्या अलीकडंच वाळूच्या उंचवट्यावर अडकलं. पुढं खोल पाणी. लाट आली अन् मी फळीवरून सरळ आत. दोनदा वर आलो, तिसऱ्यांदा काही येत नव्हतो.

कोणीतरी केसं धरून ओढलं. डोळे उघडले तर किसना! गळ्यापर्यंत समुद्रात.

"लेका, मायची शपथ..."

"तोंड मिट. पाणी जाते."

त्यानंतर कोणी त्याले पाठीवर घ्यायले आलं की तो नाही म्हणे. गुमान पाण्यात उतरे.

•

लढाई संपली. किसना घरी जायले तयार होईना. मीच बखोट धरून अचलपूरले नेलं. उंबरठ्याबाहेर तो मान खाली घालून उभा.

मायनं त्याले नाही विचारलं. मले विचारलं, "शंकऱ्या, टाकला का पाय?"

जिंदगीत पहिल्यांदा वाटलं, खोटं बोलावं. जमलं नाही.

"टाकला, माय. मी बुडून राहिलो होतो."

बुढी आत गेली. किसना मागं फिरला. मी त्याचा सदरा धरून ठेवला.

ती तांब्या अन् भाकरतुकडा घेऊन बाहेर आली.

"कोणता पाय टाकला रे?"

"दोन्ही, माय."

तिनं दोन्ही धुतले. भाकरतुकडा ओवाळून दूर फेकला. किसना लहान पोरासारखा रडत आत गेला. मी गुपचूप पिशवी उचलून रस्त्याले लागलो.

मागून आवाज आला, "ओ फाटक्या तोंडाच्या! तुह्यासाठी का वेगळा मुहूर्त काढू? पाय पुढं कर!"