दारापर्यंत

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आईला घरात चालवायचं काम माझ्याकडे आहे. मी वॉकर पुढे धरते, "आधी वॉकर, मग दुखरा पाय" म्हणते आणि ती "उद्या बघू" म्हणून भिंतीकडे तोंड करते. तिला पडायची भीती वाटते, हे कळतं मला. कळून थकवा कमी होत नाही.

काल शेजारच्या सुमनकाकू तिला बघायला आल्या. चहा झाला, त्या निघाल्या. मी कपबशा उचलत होते, तेवढ्यात मागे वॉकर वाजला. आई देवघरापाशी उभी होती. एक हात वॉकरवर, दुसऱ्या हाताचं बोट कुंकवाच्या कोयरीत. सवाष्ण घरातून तशीच कशी जाऊ द्यायची? काकूंना कुंकू लावून ती त्यांच्या मागोमाग थेट दारापर्यंत गेली.

इतके दिवस मी तिला फक्त चाल म्हणत होते. कुठे आणि कुणासाठी, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काकू गेल्या. आई वळली आणि लांबच्या पलंगाकडे बघत राहिली.

"आता परत कशी जाऊ गं?"

मी कपबशा खाली ठेवल्या.

"आधी वॉकर," म्हटलं.