बन्सीधररावांनी रबरं निवडली

वाकळ अर्धी तुडवून झाली होती. न्हाणीच्या दगडावर साबणाच्या फेसात पाय, लुगडं गुडघ्याशी खोचलेलं, अशात बायनाबाईंना ओसरीवरून हाक आली.

"अगं, इकडं ये जरा. हे दाबून बघ."

"काय दाबू? पायाखाली वाकळ हाय माझ्या!"

"वाकळ कुठं पळून चालली का? अंगठ्यानं दाब. मऊ लागायलंय का टणक, तेवढं सांग."

बन्सीधररावांच्या तळहातावर रबराची एक जाडजूड काळी चकती होती, मधोमध भोक असलेली. बायनाबाईंनी ओल्या अंगठ्यानं ती दाबली.

"रबरावानी लागायलंय," त्या म्हणाल्या आणि परत वाकळीवर जाऊन उभ्या राहिल्या.

बन्सीधरराव नाराज झाले. असल्या उत्तराला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. सारी उमर सेलूच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी कापसाची प्रत ठरवण्यात घातली होती. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, ओढून बघायचा, फुंकर मारायची, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "मध्यम." नोकरी सुटून पिंगळीला घरी येऊन बसले, पण डोळे बारीक करायची सवय काही सुटली नाही. सुनेचा चहा मध्यम, गावच्या सप्त्यातला भात मध्यम. जावई बघायला गेले तेव्हा पोराच्या देखत म्हणाले, "मध्यम हाय, पण टिकंल." पोरगं लाजलं, आणि लग्न ठरलं.

आता त्यांच्या अंगठ्याखाली जीपची रबरं आली होती.

जीप जुनी. वरची बॉडी आणि खालची चेसी यांच्या मध्ये ठिकठिकाणी अशी रबरं असतात, म्हणजे लोखंड लोखंडावर आदळत नाही, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं गाडी खडखडायची, तो तिचा स्वभावच आहे असं सगळे धरून चालले होते. पिंगळीहून परभणीला निघाली की रस्त्यावरची माणसं हॉर्नच्या आधीच बाजूला व्हायची. शेवटी गॅरेजवाल्या सिद्धोधननं खाली वाकून बघितलं आणि निदान केलं.

"काका, रबरं पार भाकरीवानी चपटी झालीत. काही तर गळूनच पडलीत. कंपनीची साधी रबरं आना, सगळी एकदम बदलू. अर्धी नवी, अर्धी जुनी घातली तर बॉडी तिरपी बसंल."

एवढं सरळ सांगितल्यावर दुसरा माणूस दुकानात गेला असता. बन्सीधरराव नमुने गोळा करायला गेले.

घाई मात्र होती. एकुलती लेक अपेक्षा राणीसावरगावला दिलेली. पहिलटकरीण. सातवा चालू होता. आठव्यात बाईमाणसाला हलवत नाहीत, म्हणजे आणायचं तर आठवा लागायच्या आतच. बायनाबाईंची सगळी तयारी झाली होती. डिंक आणला होता, जुन्या लुगड्यांची बाळुती फाडून ठेवली होती, आतली खोली सारवून झाली होती. रोज दिवा लावताना त्या देवाला एकच सांगायच्या की बाळाचं पहिलं रडणं या घरात ऐकू दे. पण विहीण केशरबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं.

"इहीणबाई, पोर तुमची, रीत तुमची, आमी कशाला आडवं येऊ? पण तुमच्या जीपीत बसून मी एकदा आले, तर चार दिवस माझी कंबर मला सापडली न्हाई. तसल्या गाडीत मी पोटुशीला बसू देणार न्हाई. गाडी नीट करा, मग या. न्हाई तर बाळंतपण हितंच करू, आमाला काय जड हाय?"

दुसऱ्याची गाडी सांगून आणू, असं बायनाबाईंनी सुचवलं होतं. बन्सीधररावांनी डोळे बारीक केले. "पहिलटकरणीला भाड्याच्या गाडीत आनायचं? लोक काय म्हनतील? आपली गाडी दारात असताना?"

म्हणून नमुने आले. एक कंपनीचं, साधं काळं. एक ट्रकच्या टायरातून कापलेलं. एक भंगारातलं, भंगारवाल्याच्या शब्दात, "पन मूळचं बरं का." आणि एक लालभडक, चकचकीत, दगडासारखं टणक. दुकानदार म्हणाला होता, हे कधी झिजतच नाही. चारही नमुने देव्हाऱ्याच्या फळीवर मांडले गेले, कारण घरात तेवढीच जागा लेकरांच्या हाताला लागत नव्हती. सकाळी पूजेला बसलेल्या बायनाबाईंना बाळकृष्णाच्या शेजारी लाल रबर दिसलं आणि अन्नपूर्णेच्या पाठीमागं टायरचा तुकडा.

"अवो, देवांनी बघायचं तरी काय काय?"

"बघू दे की. झालं तर त्येंचंबी मत कळंल."

देवांनी मत दिलं नाही. माणसांनी दिलं. ओसरीवर येणारा प्रत्येकजण अंगठ्यानं दाबून जायचा. शेजारचे नागनाथराव तर चहाच्या वेळेला नेमानं दाबायला यायचे.

"बन्सीधर, लाल घे. मर्दानी माल हाय."

"टणक लय हाय, नागनाथ."

"मग टणक न्हाई तर काय गुलाबजाम पाहिजे का? लोखंडाच्या खाली घालायचंय."

मागच्या एकादशीला निवड सुरू झाली होती, ती दुसरी एकादशी उलटली तरी चालूच होती. मग एका सकाळी बायनाबाईंनी सगळे नमुने परातीत घेतले आणि परात नवऱ्यापुढं आपटली.

"मला गाडीतलं काही कळत न्हाई. पन ज्याच्यावर माझी पोर बसणार ते मऊ पाहिजे. गॅरेजवाल्यानं सांगितलेलं काळं रबर आज घरात आलं पाहिजे. न्हाई तर मी चालत जाते राणीसावरगावला."

बन्सीधरराव गेले आणि खरोखरच कंपनीची काळी रबरं, पुरा संच, घेऊन आले. इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण तो वार शनिवार निघाला.

शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत. रबराचं काय, हे कुणालाच सांगता येईना. नागनाथराव म्हणाले, रबर लोखंडात बसतं म्हणजे लोखंडाचं सोयरंच झालं. मग दोष नको म्हणून बन्सीधररावांनी रबरं स्टीलच्या डब्यात घातली आणि मारुतीच्या देवळात नेली. मारुतीला तेल घातलं. रबरांनाही घातलं, आणि हात आखडता घेतला नाही. देवाचं तेल सांडायचं नसतं, म्हणून डबा तसाच तेलासकट घरी आला. त्यात अमावास्या तोंडावर. अमावास्येला गाडीला पाना लावू नका, असं बायनाबाईंनीच बजावलं. रोज संध्याकाळी डब्याला हळदीकुंकू वाहून त्यांनी हातही जोडले. रबरं देवाच्या तेलात निवांत पडून राहिली.

अमावास्या सरली तशी जीप सिद्धोधनच्या गॅरेजला गेली. बायनाबाईही बरोबर गेल्या, आणि फुकटचं बसायला मिळतंय म्हणून नागनाथरावही. गंजलेले बोल्ट कापून, जॅक लावून सिद्धोधननं बॉडी वर उचलली आणि हात पुढं केला.

"आना काका, रबरं."

बन्सीधररावांनी झाकण काढलं. सिद्धोधननं एक रबर उचललं. ते त्याच्या बोटांतून माशासारखं सटकलं आणि जमिनीवर पचकन पडलं. दुसरं त्यानं जागेवर लावून बघितलं. बसेना. चांगलं फुगलं होतं. बोटानं दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"काका, ही लोणच्यात घातली होती का?"

"मारुतीचं तेल हाय ते!"

"मारुतीचं असू द्या, न्हाई तर घाण्याचं. तेलात ठेवलं की रबर फुगतंय आन मग चिंधीवानी सुटतंय. ही बसवली तर महिन्यात गाडी पुन्हा खाली."

बन्सीधररावांनी एक रबर उचललं, दाबलं, ओढलं, डोळे बारीक केले. पहिल्यांदाच त्यांना प्रत सांगता येईना.

नागनाथरावांना मात्र उत्साह आला. "मी काय म्हनत होतो? आता लाल बसवा. दुकान समोरच हाय. कसलं तेल न् कसलं काय, वाकडं होत न्हाई ते."

"ते बी खरं हाय," बन्सीधररावांना कुठंतरी टेकायला जागा हवीच होती. "लाल जन्मभर झिजत न्हाई."

"मला जन्मभराचं नको," बायनाबाई म्हणाल्या. "मला एका खेपेचं पाहिजे. सिद्धोधनदादा, लाल घातलं तर गाडी खडखडंल का न्हाई?"

"खडखडणार न्हाई काकू. पन रस्त्यावरचा प्रत्येक खडा सीटवर कळंल. दनके बसतील."

"झालं तर मग."

त्यांनी तिथंच पदरानं हात पुसले, पिशवीतून फोन काढला आणि राणीसावरगावला लावला. बन्सीधरराव खुणेनं सांगत राहिले, 'पाहुणे आलेत म्हन, काम निघालं म्हन.' बायनाबाईंनी पाठ फिरवली.

"इहीणबाई, खोटं कशाला बोलू? गाडी अजून झाली न्हाई. ह्येनी नव्या रबरांना तेल पाजलं आन मी वरून हळदीकुंकू घातलं. सगळी फुगून बसलीत."

 पलीकडं केशरबाई इतक्या हसल्या की गॅरेजभर ऐकू गेलं.

"अवो, आमच्या ह्येनी बोरवर नवी मोटार बसवली तवा नारळ मोटारीवरच फोडला. पानी आत गेलं आन मोटार तिथंच जळाली. अजून शेतात पडलेली हाय. बघा इहीणबाई, अजून आठवा लागायला थोडं दिवस हायीत. त्याच्या आत आना गाडी. मी सोता आदी बसून येशीपतूर फिरून बघते. कंबर जागेवर राहिली तर पोरीला शेजारी घेऊन पिंगळीपतूर सोडायला येते. न्हाई राहिली तर माझ्यावर रुसू नका."

"न्हाई रुसत."

फोन ठेवून बायनाबाईंनी नागनाथरावांना चहाच्या टपरीकडं धाडलं आणि बन्सीधररावांना गॅरेजच्या बाकड्यावर बसवलं. सिद्धोधनकडून जुनं चपटं रबर मापाला मागून घेतलं आणि कागदात गुंडाळून पिशवीत टाकलं.

"कुठं निघालीस?" बन्सीधररावांनी विचारलं.

"रस्त्यापलीकडच्या दुकानात. कंपनीची काळी रबरं आनायला."