नेच्याच्या पानाला दाखवलेलं ऊन

काल सकाळी मी अंगणात फणसाची साठं वाळत घालत होते, तेवढ्यात विहीर खणणाऱ्या गड्याने जांभ्याखालच्या काळ्या मातीचा तुकडा वर पाठवला. त्यावर नेच्याचं पान उमटलेलं होतं, शिरांसकट. ही विहीर ह्यांनी खणायला घेतली होती. ते गेले आणि पाच वर्षं ती अर्धीच राहिली; यंदा मी काम पुन्हा सुरू केलं.

मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "रविवारी येतो. तोवर ओल्या फडक्यात ठेवा."

नेच्याला बी नसते, त्याची पिढी वाढते ती ओलीवर, हे मी पुस्तकात वाचलंय. म्हणजे आमच्या तापत्या कातळाच्या जागी कधीकाळी दाट, ओलं रान असणार. हे सांगणारं ते एकच पान माझ्याकडे होतं.

पालीच्या बाजारातून परत येते तर जाऊबाईंनी फडकं सोडून तुकडा साठांशेजारी उन्हात मांडलेला. पापुद्रे सुटून त्याचा भुगा झाला होता.

"अहो, हे काय केलंत?"

"ओलं होतं गो, बुरशी धरली असती. आणि पानच हवं तर विहिरीच्या कडेला ढीगभर आहेत. देऊ काढून?"

लाखो वर्षं टिकलेलं पान आमच्या घरात दुपारपर्यंत टिकलं नाही. आणि रागवायची सोय नाही, कारण त्यांनी ते मायेनेच केलं. मंडळी, तुमच्या घरीही दिसेल त्याला न विचारता ऊन दाखवतात का?

आज सकाळी मी पदर खोचून शिडीने विहिरीत उतरले आणि गड्याशेजारी बसून मातीत उमटलेलं दुसरं पान शोधून काढलं.