रेवाला मी खोटं पाडलं

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीही नाही — तो त्या दिवशी तुआसच्या कारखान्यात कामावर होता, त्याला वाटतं पोरीनं आपणहून नाच सोडला. मग तुम्हालाच का सांगतेय? कोण जाणे. सांगवत नाही, आणि आता गिळवतही नाही.

आधी आडनावाचं सांगते. आम्ही पवार. सुरगाण्याकडच्या पाड्यावरचे, कोकणा आदिवासी. आमच्यात पवार असतात, चौधरी असतात, देशमुखसुद्धा असतात — शहरातल्यांना हे ठाऊकच नसतं. सिंगापूरला आलो तेव्हा मराठी मंडळींत कुणीतरी विचारलं, "पवार म्हणजे कुठले?" मी म्हणाले, "नाशिकचे." त्यांनी आपापल्या परीनं काय ते समजून घेतलं, आणि मी समजू दिलं. खोटं थोडंच होतं ते? — अशी मी मनाची समजूत घालायची. कॉलेजच्या हॉस्टेलवर पोरी मला 'कोट्यातली' म्हणायच्या, ताट उचलून लांब बसायच्या. पण ते तर आमच्यातल्या कितीजणींनी सोसलंय. सगळ्यांनी माझ्यासारखं केलं का?

रेवा माझी मुलगी. आमचं इथं बस्तान बसेपर्यंत ती पाड्यावर माझ्या आईकडे वाढली. पाच वर्षांची झाल्यावर तिला आणली. तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती नुसती खिडकीशी बसून राहायची. किंडरगार्टनमध्ये तोंड उघडायची नाही, घरी जेवायची नाही. नागलीची भाकरी मागायची — कुठून आणणार मी? झोपेत आजीला हाका मारायची. जवळ घेतलं तर अंग आखडून घ्यायची. माझ्या पोटची पोर हो! आणि मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

एकाच गोष्टीनं ती खुलायची. संध्याकाळी लिफ्टनं खाली उतरलो की ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत ती माझ्या कमरेला हात घालायची आणि नाचायला लागायची. आमच्याकडे लग्नात, होळीला पावरी वाजते, भोपळ्याची, फुंकून वाजवायची, आणि बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला धरून तिच्या तालावर गोल फिरतात. आईनं शिकवलं होतं तिला. पावरी नाही म्हणून कार्टी तोंडानंच तिचा सूर काढायची. शेजारची चिनी म्हातारी कौतुकानं टाळ्या पिटायची. आणि मी? मी लिफ्टकडे डोळे लावून उभी — कुणी मराठी माणूस तर येत नाही ना!

मग गणपती आले. मंडळाचे कार्यक्रम शुभदाताई बसवायच्या. बाई मनानं चांगली, आमच्या अडीनडीला धावून यायची. बुकित तिमाहला त्यांच्या काँडोच्या हॉलमध्ये मुलांची तालीम ठेवली होती. यंदा काय, तर 'आदिवासी नृत्य'. हिरव्या कागदाच्या पानांचे घागरे, डोक्यात पिसं, काळी रंगवलेली तोंडं, हातात पुठ्ठ्याचे भाले, आणि 'हू हू' करत उड्या. ऐकल्याबरोबर पोरीला उचलून मी घरी यायला हवं होतं. मी काय म्हणाले माहितीय? म्हणाले, "पानं मी कापते."

पण रेवानं 'आदिवासी' हा शब्द ऐकला आणि तिचा चेहरा असा उजळला — इथं आल्यापासून मी तो तसा पाहिलाच नव्हता. धावत मधोमध गेली, शेजारच्या मुलीच्या कमरेला धरलं आणि आपला नाच सुरू केला. तोंडानं पावरीसुद्धा.

शुभदाताई हसल्या. "अगंबाई, हे काय? आदिवासी असे नाचतात होय? उड्या मारायच्या, राणी, उड्या!"

"माझी आजी असंच नाचते," रेवा म्हणाली. चांगलं मोठ्यानं. "आम्ही आदिवासीच आहोत. आई, सांग ना काकूंना!"

हॉलमधल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. रेवाही बघत होती. तिला खात्री होती — आई सांगणार. का नसावी? खरंच तर बोलली होती पोर.

मी हसले. "काहीतरीच हिचं! टीव्हीवर बघते आणि थापा मारते. हिच्या आजीचे गुडघे धरलेत, ती कसली नाचतेय!" आणि मग — हे सांगायचं म्हणून तर एवढं घोळवत बसले — मग तिचा दंड धरून म्हणाले, "खोटं बोलायचं नाही. काकूंना सॉरी म्हण."

ती सॉरी म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी तिचं तोंड मीच काळं रंगवलं. हललीसुद्धा नाही. स्टेजवर उड्या मारल्या, 'हू हू' केलं, टाळ्या पडल्या. त्यानंतर ती कधी नाचली नाही.

रविवारी आई बाजाराच्या गावापर्यंत चालत यायची, एसटीडी बूथवर आमच्या फोनची वाट बघत बसायची. रेवा फोनजवळ येईना. "पोर का बोलत नाही गं?" आई विचारायची. मी म्हणायची, अभ्यास असतो. एकदा मी जबरदस्तीनं रिसीव्हर तिच्या कानाला लावला, तर ती इथल्या पोरांसारखी 'लाह' लावून ओरडली, "डोन्ट वॉन्ट लाह!" आईला काय कळणार? ती तिकडून हरखून म्हणाली, "इंग्रजी बोलायला लागली की माझी बाय!" पुढच्या पावसाळ्यात आई गेली. मी एकटीच जाऊन आले.

रेवा आता तेरा वर्षांची आहे. बोलकी आहे, मैत्रिणी आहेत, सगळे म्हणतात छान रुळली. पाड्याचं नाव आमच्या घरात निघत नाही. परवा जेवताना मध्येच म्हणाली, "आई, टीचरनं फर्स्ट मेमरी लिहायला सांगितलीय. मला एक म्हातारी दिसते, आम्ही कमरेला धरून नाचतोय. पण रिअल नाही लाह, हो ना? मी लहानपणी थापा मारायचे ना?"

आणि माझ्याकडे बघत राहिली.

घरात आम्ही दोघीच होतो. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "हो गं. फार थापा मारायचीस तू."