डुप्लिकेटचे हाडवैरी

नाना गाडीचा कुठलाही पार्ट विकत घेण्याआधी हुंगून बघायचे. फॅनबेल्ट असो, प्लग असो, नाहीतर वीतभर रबरी नळी असो, आधी ती वस्तू नाकाशी जायची, मग कानाशी. कानाशी धरून नखाने टिचकी मारायची, डोळे मिटून आवाज ऐकायचा आणि मग निकाल द्यायचा, "वरिजनल." किंवा एरंडेल प्याल्यासारखं तोंड करून, "डुप्लिकेट!" एकदा तर त्यांनी प्लगला जीभ लावली. सेनगावच्या बसस्टँडमागे मुस्तफाभाईंचं गॅरेज होतं, तिथेच ते सुटे भागही विकायचे. त्यांनी हात जोडले. "मास्टर, अचार नहीं है वो. गाडी को लगाने की चीज है."

नाना म्हणजे शेषराव पाईकराव, सेनगावच्या शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर. आणि माझे कोण, हे सांगताना मी पूर्वी अडखळायची. माझे वडील मी लहान असतानाच गेले. मी अकरा वर्षांची असताना आईने नानांशी लग्न केलं आणि मी माझ्या पत्र्याच्या पेटीसकट तिच्यामागे सेनगावला आले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती, आणि चारचाकी असलेला मास्तर अख्ख्या सेनगावात एकच होता. कुठल्याशा कचेरीच्या लिलावात घेतलेली जुनी पांढरी ॲम्बॅसिडर. ती चालायची कमी आणि उभी जास्त राहायची, कारण नानांना हवा तो वरिजनल पार्ट नेहमी नांदेडहून यायचा असायचा.

लग्न साखरा गावच्या बुद्धविहारात लागलं. जेवणं झाली आणि नवरानवरी, मी आणि माझी पेटी असे गाडीतून निघालो. अर्ध्या वाटेत फटकन आवाज झाला. फॅनबेल्ट तुटला होता. निरोप गेला, मुस्तफाभाई मोटारसायकलवर नवा पट्टा घेऊन आले. नानांनी पट्टा हुंगला आणि परत दिला.

"लोकल हाय ह्यो."

"मास्टर, दुल्हन धूप में बैठी है!"

"बसू द्या. एकदा डुप्लिकेट घरात घेतलं, का त्याच्यामागं त्याचं समदं गोत येते."

शेवटी एका ट्रॅक्टरला दोर बांधून आमची वरात निघाली. नाना ताठ बसून स्टेअरिंग फिरवत होते. आईच्या पांढऱ्या शुभ्र साडीला ग्रीसचा पट्टा लागला होता आणि ती पदर तोंडात कोंबून हसत होती. ट्रॅक्टरवाला मागे वळून ओरडला, "मास्तर, नवरी तरी वरिजनल हाय ना?" नाना खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "नवरी वरिजनल हाय, म्हणून तर पट्टा बी वरिजनल पायजे!"

सगळे हसले. मी मागच्या सीटवर पेटीला चिकटून बसले होते. नवरी वरिजनल, नवरा वरिजनल, गाडी वरिजनल. आणि मी? मी कोणाच्या तरी दुसऱ्याच गाडीचा पार्ट. लोकल पट्टा ज्या माणसाने भर उन्हात परत पाठवला, तो मला किती दिवस ठेवून घेणार, हा प्रश्न मी त्या दिवशी मनात घेतला तो पुढे कितीतरी वर्षं सोडला नाही.

मग मी परत पाठवायला जागाच ठेवायची नाही असं ठरवलं. पहाटे उठायची. न सांगता अंगण झाडायची. ताटात पडेल ते 'छान झालंय' म्हणून खायची. कशालाही 'नको' म्हणायचं नाही, हा माझा नियम. शेजारपाजारच्या बायका आईला म्हणायच्या, "लेकरू कसं गरीब गाय हाय!" गाय कसली, मेली भीतीने वाळत चालली होती.

नानांना यातलं काही कळत होतं की नाही, देव जाणे. त्यांची दुनिया दोनच खणांत वाटलेली. पाण्यासारखा चहा आला की डुप्लिकेट. गडगडून न पडलेला पाऊस डुप्लिकेट. निवडणुकीत घरोघर पाया पडणारे तर एकजात डुप्लिकेट, "वास घ्यायची बी गरज न्हाई." एका पोराने चित्रात आंबा निळा रंगवला, तर त्याला मात्र पैकीच्या पैकी मार्क. का, तर "कुनाचं पाहून काढला न्हाई त्यानं. वरिजनल हाय."

त्यांच्या नाकाची एकदा फार फजिती झाली. मुस्तफाभाईंनी लोकल प्लग मुद्दाम कंपनीच्या खोक्यात घालून पुढे केला. नानांनी हुंगला. टिचकी मारली. डोळे मिटून, गहिवरून म्हणाले, "ह्याला म्हनायचं माल!" गॅरेजमधली माणसं जमिनीवर लोळायची बाकी राहिली. नाना तरातरा घरी आले. आई म्हणाली, "घेऊन झाला का वास?" तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "खोक्याचा वास लागला असंल त्याला."

मुस्तफाभाई तसा वाजवी माणूस. ते समजावायचे, "ब्रेक का माल असली लो, स्टेअरिंग का असली लो, उधर जान का सवाल है. बाकी गाडी से पूछो, उसको क्या जमता." पण गाडीला विचारणं नानांना मंजूर नव्हतं. मागच्या डाव्या दाराचं आतलं हँडल मोडलं, तेव्हा त्या जुन्या मॉडेलचं हँडल कंपनी काढतच नव्हती. लोकल मिळत होतं, नवंकोरं, चकचकीत. नाना नांदेडच्या भंगार बाजारात गेले आणि पार झिजलेलं, पण वरिजनल, हँडल घेऊन आले. बसवलं त्याच संध्याकाळी ते माझ्या हातात आलं. मी जीव मुठीत धरून तो तुकडा नानांपुढे केला. नाना तुकडा उलटसुलट बघत म्हणाले, "तुह्या हाताचा दोष न्हाई माय. म्हातारं होतं बिचारं."

झालं, तेव्हापासून ते दार फक्त बाहेरून उघडायचं, आणि तिथे बसायची मी. शाळेत गाडी नेली की नाना उतरायचे, अख्खी गाडी वळसा घालून यायचे आणि माझ्यासाठी दार उघडून उभे राहायचे. मुली म्हणायच्या, "सुजाताचा थाट पाहा, कलेक्टरीणबाई!" मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि आतून उकळ्याही फुटायच्या. एका डुप्लिकेट हँडलच्या नकारापायी मी कित्येक महिने राणीसारखी शाळेत उतरले.

मी डी.एड.ला असताना पहिलं स्थळ आलं. मुलाचं गाव आखाडा बाळापूरजवळ, म्हणून बघण्याचा कार्यक्रम बाळापुरात मामाच्या घरी ठेवला. निघायच्या दिवशी सकाळी गाडीखाली हे एवढं डबकं. पाण्याचा पंप गेला होता. मुस्तफाभाई चाचरत म्हणाले, "मास्टर, लोकल है मेरे पास. असली को चार दिन लगेंगे." आई म्हणाली, एसटीने जाऊ. मी माझ्या नियमाप्रमाणे काहीच म्हणाले नाही.

नानांनी पंप हातात घेतला. नाकापर्यंत नेला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि न हुंगताच मुस्तफाभाईंच्या हातात ठेवला. "बसव." मुस्तफाभाईंनी ते पुन्हा विचारून घेतलं. आईने खरोखरच नानांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

वाटेत नाना मान तिरकी करून गाडी हाकत होते. कान इंजिनाकडे. कळमनुरी गेल्यावर स्वतःशीच पुटपुटले, "चालून तर राहिलाय बराबर."

बाळापुरात मुलाकडची बरीच मंडळी आली होती. मी पोह्यांचा ट्रे घेऊन गेले. मुलाच्या आत्याबाई मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होत्या. मग त्यांनी सगळ्यांसमोर नानांना विचारलं, "पोरगी तुमची सख्खी हाय, का बाईसंगं आलेली?"

आईचा चेहरा पडला. जो निकाल मी लहानपणापासून टाळत आले होते, तो आता भर बैठकीत लागणार होता, आणि लावणारा माणूस खोटं बोलणारा नव्हता.

नानांनी बशी खाली ठेवली. टोपी सारखी केली.

"त्याचं काय हाय बाई, पोरगी वरिजनल हाय. बाप डुप्लिकेट हाय. मागून बसवलाय." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोराचं असतं तसं तोंड झालं होतं त्यांचं. "बराबर बसला का न्हाई, ते तिलाच इचारा."

म्हणजे इतकी वर्षं नानाही भीत होते! मला माझ्या परत जाण्याची भीती, आणि त्यांना त्यांच्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी हसूही फुटलं. "बराबर बसला," मी म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की बाहेर ओट्यावर बसलेली माणसं आत डोकावली. आत्याबाईंना काही उमजलं नाही, त्यांनी चहा मागितला.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की मला तो परतीचा रस्ता आठवतो. उन्हं कलली होती, खिडक्या उघड्या होत्या, गाडी सुरेख चालली होती. मी पाय पसरून मागे रेलले आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा, अगदी ठणकावून म्हणाले, "नाना, मला हे स्थळ नको."

नानांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या कडेला. सबंध वळून माझ्याकडे बघत, कळवळून म्हणाले, "माय, मंग सकाळीच काहून न्हाई बोलली? वरिजनल पंपाची वाट पाह्यली असती ना!"