हिल्डा ट्रिंडरनं पोराला धाक दाखवला

लंडनमध्ये डेटफर्डच्या आमच्या गल्लीत हिल्डा ट्रिंडरइतकी बडबडी बाई दुसरी नव्हती, मला सोडून. हाय स्ट्रीटवर 'मीट पाय', म्हणजे खिमा भरलेल्या भाजक्या कचोऱ्यांचं दुकान होतं, तिथं ती बटाट्याचा लगदा वाढायची. लाकडी सुरीनं ताटाच्या कडेला असा फटकन थापायची की गिऱ्हाईक एक पाऊल मागं सरायचं.

"हिल्डे, नवऱ्यालाही असंच वाढायचीस का गं?" मी विचारायचे.

"म्हणून तर बोटीवर पळाला."

बोट चाळीस साली बुडाली, नवऱ्यासकट. पण ही थट्टा तिनंच सुरू केलेली, तर मी कशाला थांबवू?

पोरगा एकच, नॉर्मन. लढाई लागली तेव्हा लंडनच्या पोरांना आगगाडीत घालून खेड्यापाड्यांत धाडलं, त्यात हाही गेला, डेव्हनला एका शेतकऱ्याकडे. गेला तेव्हा सहा वर्षांचा होता, आला तो बाराचा. बोलणं तिकडचं, हेल काढून. आईकडं बघायचा तो एखाद्या घरमालकिणीकडं बघावं तसा.

"भाडेकरू मिळालाय मला," हिल्डा दुकानात सगळ्यांना सांगायची, "भाडं देत नाही एवढंच."

पण रात्री तो जागाच असतो, अंगाला हात लावू देत नाही, हे ती फक्त मला सांगायची.

मग चौदाव्या वर्षी तो बॉम्बनं पडलेल्या घरांमध्ये हिंडणाऱ्या पोरांत गेला. शाळा बुडवायची, पडक्या छपरांवरचं शिसं ओरबाडून भंगारवाल्याला विकायचं. गल्लीतली निम्मी पोरं तेच करत होती, खोटं कशाला बोलू. लढाईआधी असलं पोर सापडलं की गस्तीवरचा शिपाई गुंडाळलेल्या रेनकोटाचा एक तडाखा द्यायचा, कॉलर धरून घरी आणायचा, आई दुसरा द्यायची, की विषय संपला. आता तो म्हातारा शिपाई निवृत्त झाला होता आणि नव्यांना कुणाच्या पोराचं नावही ठाऊक नव्हतं.

म्हणून हिल्डानं ठरवलं, आपणच त्याला कोर्टात न्यायचं. तशी सोय होती तेव्हा. पोर आपल्या ताब्यात राहिलं नाही असं आईबापांनी कळवायचं, की पोरांचं कोर्ट बोलावून घेई. गल्लीला बेत पसंत पडला. आमच्या लेखी कोर्ट म्हणजे काय, जरा मोठ्या हाताची थप्पड.

त्या सकाळी हिल्डानं चेरी लावलेली हॅट घातली. आठवड्याचं रेशनचं मांस कणकेच्या गोळ्यात भरून, ते पुडिंग फडक्यात बांधून, उकळत्या पाण्यात शिजायला ठेवलं. "बारीक आचेवर आहे, पाणी आटू देऊ नकोस," मला बजावलं. "परत आला की भुकेला असेल, रडून रडून."

"आयव्हीमावशी, ही मला नेतेय कुठं?" नॉर्मननं मला विचारलं.

"मॅजिस्ट्रेटकडं, तुझे कान लांब करायला."

"ते आहेतच लांब," तो म्हणाला आणि हसला. हसताना कधी दिसायचा नाही तो.

पुढचं हिल्डानं सांगितलेलं. मॅजिस्ट्रेट एक बाई होती, मऊ आवाजाची. "मिसेस ट्रिंडर, मुलगा तुमच्या ताब्यात राहिला नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

"छे हो बाईसाहेब, देव आला तरी ऐकायचा नाही," हिल्डा म्हणाली. मग दुकानात सांगते तसं तिखटमीठ लावून सांगत सुटली. मला मारायला धावतो म्हणाली. चाकू बाळगतो म्हणाली. चाकू होता, पण पेन्सिलीला टोक करायचा. तिला वाटलं, जितकं वाढवून सांगू तितकी पोराला बोलणी बसतील.

बाईंनी शेजारी बसलेल्या दोघा मॅजिस्ट्रेटांशी कुजबुज केली आणि नॉर्मनला सुधारशाळेत धाडायचं सांगितलं, तीन वर्षं. हिल्डाला वाटलं, वा, धाक असावा तर असा. तिनं नॉर्मनकडं बघून डोळा मारला. त्याला आत नेल्यावर ती बाहेर बाकावर बसून राहिली, घाबरवून झालं की आणून सोडतील म्हणून. शेवटी झाडू मारणारा म्हणाला, "बाई, पोरांची गाडी मागच्या दारानं केव्हाच गेली."

ती एकटीच आलेली पाहून मी विचारलं, "अगं, पोरगा कुठाय?"

"पाणी घातलंस ना?" ती म्हणाली. पुडिंग उतरवलं, फडकं सोडलं, दोन ताटं घेतली. मग खुर्चीवर बसली, हॅट तशीच डोक्यावर. मीही बसले. कुणीच खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मॅजिस्ट्रेटबाईंना गाठून म्हणाली, "मी थोडं वाढवून सांगितलं होतं." त्या म्हणाल्या, "सगळ्या आया नंतर असंच म्हणतात." प्रेमळपणेच म्हणाल्या.

नॉर्मन परत आला तो सतरा वर्षांचा बाप्या होऊन. चादर चौकोनी घडी करून ठेवायचा. विचारल्याशिवाय ताटावरून उठायचा नाही. एकदा चुकून आईला 'मिस' म्हणाला. मी हसून काहीतरी बोलायला गेले, तर तो माझ्याकडं न बघता तिला म्हणाला, "कोर्टात तू डोळा मारलास. मला वाटलं, तुला मजा वाटतेय."

तो उठून बाहेर गेला, या खेपेला न विचारता.

सुधारशाळेत त्याला शिसं चोरणारी पोरं नव्हती भेटली, खरे चोर भेटले होते. वसंत सरायच्या आत त्यांतल्या दोघांबरोबर त्यानं एका तंबाखूवाल्याच्या डोक्यात सळई घातली. म्हातारा जगला, पण पुन्हा स्वतःच्या बायकोला ओळखू शकला नाही. या खटल्यात हिल्डाला कुणी काही विचारलं नाही. "मला एकदा बोलू द्या," म्हणून ती वकिलाच्या मागं लागली. तो म्हणाला, "बाई, तुमच्या बोलण्यानं आता काय होणार?"

तुरुंगात भेटीच्या दिवशी ती न चुकता जायची, मी सोबतीला, फाटकापर्यंत. नाव पुकारलं जायचं, बाकीच्यांची माणसं यायची, हिचा यायचा नाही. एका खेपेला ती आतून लवकर परत आली.

"आला का?" मी विचारलं.

"नाही. तिथला जमादार म्हणाला, साहेबाला सांगतो, हुकमानं आणवतो त्याला, आई आहेस तू."

"मग आणवायचा की."

"मी नको म्हटलं, आयव्ही. यायचं नाही म्हणतोय, तर नको. त्याचं काय करायचं ते मी आता कुणालाच सांगणार नाही."

बस आली. आम्ही वरच्या मजल्यावर जाऊन बसलो. त्यानंतर ती भेटीला गेली नाही.