भिंतीला पाणी कोण मारत होतं

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसत हसत वाचतोय. एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून माझी एकवीस वर्षं गेली. ब्यूरेटमधला थेंब न् थेंब मोजायचा आणि पोरांना सांगायचं, जे दिसलं तेवढंच वहीत लिहा. आमच्या दाराला कधी लिंबू-मिरची टांगलेली नाही. करणी, उतारा, अंगात येणं... यातलं काही मी मानलं नाही, आजही मानतो असं म्हणणार नाही. घडलं तेवढंच लिहितो.

आम्ही उमरग्याचे. हायवेपासून आत, चौथ्या गल्लीत घर. हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम आणि बेडरूमला लागून बाथरूम. बाथरूम आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीत सिमेंटचं कपाट केलेलं — कडप्प्याच्या चार फळ्या आणि पुढं लाकडी दारं. बाथरूमला जायचं ते बेडरूममधूनच. बेडरूमला दार एकच, खिडकीला गज. बाथरूमला वर हातभर जाळी, तिच्यातून मांजरही येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं सगळे तेच विचारतात.

माझी बायको मंगल जानेवारीत गेली. सकाळी भाजी घेऊन आली, म्हणाली छातीत जळजळतंय, गोळी घेऊन बसली. दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबेपर्यंत संपलं होतं. अठ्ठेचाळीस वय.

मी रडलो नाही. तेव्हा नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. पाहुणे म्हणाले, माणूस धीराचा आहे. तो धीर नव्हता. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर हिरडी कशी होते, तसा मी सगळाच झालो होतो. कॉलेजला जायचो, बाटल्यांना लेबलं लावायचो, घरी येऊन झोपायचो.

मे महिन्यात सुट्टी लागली. माझी मुलगी प्राजक्ता पुण्यात नोकरीला आहे. तिनं फोनवर सांगितलं, पप्पा, आईच्या साड्यांना एकदा ऊन द्या. म्हणून चार महिन्यांत पहिल्यांदा मी ते कपाट उघडलं, तर बुरशीचा वास नाकात गेला. खालच्या दोन फळ्यांवरच्या साड्या काळ्या ठिपक्यांनी भरलेल्या. लग्नातला शालू कडप्प्याला चिकटला होता, ओढला तर काठ फाटून हातात आला.

बाथरूमचा पाइप आत कुठंतरी गळत होता. मंगल तीन वर्षं सांगत होती — "अहो, कपाटाला ओल येतीय, तेवढा पाइप बघा की." मी म्हणायचो, पुढच्या सुट्टीत. अशा तीन सुट्ट्या गेल्या. पुढं तिनं सांगणंच सोडलं. साड्यांच्या खाली तिनं दुधाच्या पिशव्या कापून, धुवून अंथरल्या होत्या. त्या पिशव्या मला त्या दिवशी दिसल्या.

त्याच दुपारी मी हातोडा-छन्नी घेऊन भिंत फोडायला लागलो.

आमचं घर ज्यांनी बांधलं ते इस्माईलभाई मिस्त्री अजून गावातच आहेत, पण गुडघ्यांमुळं काम बंद केलंय. ते म्हणाले, दोन माणसं पाठवतो. मी नको म्हणालो. तिच्या कपाटाला परक्याचा हात लागावा असं वाटत नव्हतं. मग ते दिवसाआड यायचे, बेडरूमच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि सांगायचे — इथं ठोका, इथं हळू. मी तसं करायचो.

बाथरूमच्या टाइल्स काढल्या. कपाटाच्या फळ्या काढल्या. आतला जुना लोखंडी पाइप वळणावर, एल्बोपाशी कुजला होता, भोक टाचणीच्या डोक्याएवढं. तेवढ्या भोकानं अख्खी भिंत भिजवली होती. मी अंगणातच लाइन कापून तिला बूच मारलं, म्हणजे आता त्या खोलीत पाण्याचा थेंब येणार नव्हता. अंघोळ मी अंगणात करायचो. नवीन पाइप बसवला, भिंतीचा खालचा कुजका भाग काढून विटा लावल्या आणि दोन्ही बाजूंनी गिलावा केला — बाथरूमच्या बाजूनं आणि कपाटाच्या आतून. बारा दिवस लागले. हाताला फोड आले, फुटले. ते दुखायचे. दुखायचं तेवढंच काय ते मला कळत होतं.

गिलावा पूर्ण झाला त्या संध्याकाळी इस्माईलभाईंनी भिंतीवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "सर, माल लावणं कुणालाबी जमतंय. खरं काम फुडं हाय. दहा दिवस, दिसातनं तीन बारी पाणी मारा. असल्या उन्हात एक दिस चुकला तर भिंत जळली म्हणून समजा. कोपऱ्याला दोनदा मारा, कोपरा लवकर सुकतो."

मी हो म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी उठलोच नाही.

आजारी नव्हतो. हातातलं काम संपलं आणि मी हॉलमधल्या दिवाणावर पडलो तो पडलोच. वर पंखा फिरत होता. पलीकडं भिंत सुकतीय, तिला भेगा पडतायत, हे मला माहीत होतं. अंगणात पाण्याचा ड्रम भरलेला होता. उठायचं, बादली भरायची, वीस पावलं चालायचं. नाही उठलो. बिस्किटं खाल्ली, पाणी प्यायलो, पुन्हा पडलो. दोन दिवस असे गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास उठलो. वाटलं, बघू तरी किती वाटोळं झालंय. बेडरूमचं दार उघडलं.

भिंत ओली होती.

नुसती दमट म्हणत नाही मी. वरपासून खालपर्यंत गर्द, काळपट, आत्ताच कुणी पाणी मारल्यासारखी. खालच्या कडेला थेंब लोंबत होते. बाथरूमच्या बाजूनं तसंच, कपाटाच्या आतूनही तसंच. हात लावला तर गार. भेग एकही नाही.

शेजारच्या कमलबाईंकडं आमच्या घराची एक चावी असायची. त्यांना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, मी कशाला तुमच्या घरात शिरू? आणि चावी आणून माझ्या हातात दिली. मग पाइप बघितला. अंगणातलं बूच कोरडं ठणठणीत. नव्या पाइपच्या तोंडात वर्तमानपत्राचा बोळा घालून ठेवला, तासाभरानं काढला, तो कोरडा. जमिनीतली ओल म्हणावी तर ती खालून वर चढते. इथं वरची बाजू खालच्यापेक्षा जास्त भिजलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी बेडरूमला कुलूप घातलं आणि चावी शर्टाच्या खिशात ठेवली. ड्रममधल्या पाण्याच्या पातळीला आतून खडूनं रेघ मारली. शेवटी प्रयोगशाळेतलाच माणूस. दुपारी कुलूप काढून बघितलं तर भिंत ओली. ड्रममधलं पाणी रेघेला लागून, तसूभरही कमी नाही.

पाचव्या दिवशी सकाळी नऊला मी कुलूप काढलं तेव्हा भिंत सुकत आलेली होती. मी पुन्हा कुलूप लावलं आणि त्याच दारासमोर इस्माईलभाईंची खुर्ची टाकून बसलो. हायवेवर ट्रक चालू होते. कुकरच्या शिट्ट्या, कुणाचा तरी टीव्ही. बारा वाजून गेले असतील.

आतून आवाज आला.

तांब्यानं पाणी फेकल्याचा आवाज. सळ्ळ... आणि मागोमाग सूं — तापलेला, कोरडा गिलावा पाणी पितो तो आवाज. ज्यांनी घर बांधलंय त्यांना तो माहीत असतो. मग पुन्हा सळ्ळ. घाई नाही. डावीकडून उजवीकडं, मग जरा खाली, पुन्हा डावीकडून. कोपऱ्याशी आल्यावर दोनदा.

हे घर बांधलं तेव्हा आम्ही बसस्टँडच्या मागं भाड्यानं राहत होतो. मी कॉलेजला जायचो. प्राजक्ता दीड वर्षाची होती. मंगल तिला कडेवर घेऊन, उन्हात डोक्यावर पदर ओढून, दिवसातून तीनदा इथं चालत यायची आणि सगळ्या घराला पाणी मारायची. पोरीला वाळूच्या ढिगावर बसवायची. इस्माईलभाईंनी तिलाही तेच सांगितलं होतं, कोपऱ्याला दोनदा. मी एकदा लवकर सुटलो म्हणून इकडं आलो, तर ती पाणी मारत होती आणि भिंतीशी बोलल्यासारखं पुटपुटत होती. मी विचारलं, काय म्हणतीस? ती म्हणाली, काही नाही, किती वेळा मारलं ते मोजतीय.

मी त्या दारासमोर बसून होतो. चावी खिशात होती. हात खिशाकडं गेला नाही. भीती वाटत होती का? नाही. आनंद? तोही नाही. मी फक्त ऐकत होतो. सात-आठ मिनिटं चाललं असेल, मग थांबलं. मी आणखी अर्धा तास बसलो आणि मग दार उघडलं. आत कुणी नव्हतं. भिंत ओली. जमिनीवर पाण्याचा बारीक ओघळ, तोही उंबऱ्याच्या आतच थांबलेला.

रात्री प्राजक्ताला फोनवर सांगितलं. ती रात्रीच्याच गाडीनं निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तिनं घर बघितलं, फ्रिज बघितला, मला बघितलं. भिंतही बघितली. मग शांतपणे म्हणाली, "पप्पा, पाणी तुम्हीच मारत असाल. मारता आणि विसरता. दुःखात होतं असं माणसाला." मी म्हणालो, असेल. खरंच असू शकतं, मीही तो विचार केला होता. पण ड्रममधली रेघ?

त्या दुपारी आम्ही दोघं स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो. तिनं पिठलं केलं होतं. बेडरूमला कुलूप, चावी आता तिच्या पर्समध्ये, पर्स तिच्या मांडीशी.

आवाज सुरू झाला.

मी तिच्याकडं बघितलं. तिचा घास हातात तसाच राहिला. आवाज चालू होता तोवर तिनं तो खाल्ला नाही, खालीही ठेवला नाही. थांबल्यावर खाल्ला. ताटं उचलली, भांडी घासली, ओटा पुसला. मग पदराला पुसावेत तसे ओढणीला हात पुसत माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला काही ऐकू आलं न्हाई, पप्पा."

मी काही विचारलं नव्हतं.

सातव्या दिवशी इस्माईलभाई आले. त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी थापीच्या मुठीनं भिंत ठोकली, खालून वर, वरून कोपऱ्यापर्यंत. टणटणीत आवाज आला. खूश झाले. म्हणाले, लई झ्याक पाणी खाल्लंय भिंतीनं. मग चष्मा वर करून जवळून बघितलं आणि विचारलं, "सर, पाणी कुठलं मारलं? आपल्या बोअरच्या पाण्यानं पांढरे चट्टे पडत्यात. हितं एकबी न्हाई."

मी म्हणालो, ड्रममधलं. ड्रममधलं पाणी बोअरचंच होतं. त्यांनी प्राजक्ताकडं बघितलं, तिनं खाली बघितलं. जाताना एवढंच म्हणाले की अजून तीन दिवस मारा, सोडू नका.

आठव्या दिवशी सकाळी मी उठलो. कुणी सांगितलं नव्हतं. प्राजक्ता अजून झोपलेली होती, चावी तिच्या पर्समधून मीच काढली. अंगणात गेलो, ड्रममधून बादली भरली, तांब्या घेतला आणि कुलूप काढून आत गेलो. भिंत सुकत आलेली होती. मी पाणी मारलं. डावीकडून उजवीकडं. कोपऱ्याला दोनदा. भिंतीनं सूं केलं. दुसऱ्या बादलीच्या वेळी मी तांब्या खाली ठेवला आणि तिथंच, ओल्या जमिनीवर बसून रडलो. जानेवारीपासूनचं सगळं. प्राजक्ता उठून आली, माझ्याशेजारी बसली, तीही भिजली.

त्या दुपारी आवाज आला नाही. आम्ही दोघंही कान देऊन बसलो होतो, एकमेकांना न सांगता. नवव्या दिवशी नाही, दहाव्या दिवशीही नाही. ते दोन दिवस मीच पाणी मारलं. मी मारलेल्या जागी पांढरे चट्टे पडले, ते अजून आहेत. टाइल्स बसवल्यावर बाथरूमच्या बाजूचे झाकले गेले. कपाटाच्या आतले दिसतात.

प्राजक्ता सगळ्यांना सांगते, पप्पा सावरले. खरं आहे, सावरलोय. जेवतो, कॉलेजला जातो, शेजाऱ्यांशी बोलतो. तिनं पुण्यातल्या एका डॉक्टरांनाही विचारलं. त्यांनी आवाजाचं कारण सांगितलं, मनाचं काहीतरी. पाण्याचं कारण त्यांना सांगता आलं नाही. मलाही नाही. इथं कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी वाचीन.

पण मला एक सारखं वाटत राहतं. इस्माईलभाईंच्या हिशेबानं अजून तीन दिवस बाकी होते. मी पडून राहिलो असतो तर तीन दिवस अजून मिळाले असते. इतके दिवस न उठणारा माणूस नेमका त्या सकाळी का उठला आणि बादली का भरली... खरं सांगू? त्याचंही कारण मला माहीत नाही.